बारावी कॉमर्सनंतर बीसीए घ्यावं का? भाचीसाठी सल्ला हवा आहे

वारणाकाठ

नमस्कार मंडळी. माझी भाची यंदा बारावी कॉमर्स झाली, ७८ टक्के मिळाले. विषय बीके (म्हणजे हिशोब लिहिणं), ओसीएम, एसपी, इकॉनॉमिक्स आणि आयटी. गणित घेतलं नव्हतं. बहीण आणि दाजी वाळवा तालुक्यात शेती करतात, घरी तीन गाई आहेत. घरातून पदवीला जाणारी ही पहिलीच मुलगी.

तिला बीके मनापासून आवडतं. ताळेबंद जुळला नाही तर रात्री जेवायला उठत नाही, अशी आहे. आणि आयटीच्या प्रॅक्टिकलला तिने एक छोटी वेबसाइट केली, तेव्हापासून कॉम्प्युटरचंही डोक्यात बसलंय. आता पर्याय असे: जवळच्या कॉलेजात बीकॉम करून सोबत टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर, कोल्हापूर-सांगलीकडे बीसीए म्हणजे कॉम्प्युटर ॲप्लिकेशनची पदवी, किंवा पुण्यात हॉस्टेलवर राहून बीबीए (सीए), यातलं सीए म्हणजेही कॉम्प्युटर ॲप्लिकेशनच. मैत्रिणींबरोबर तिने सीईटी दिलेली आहे.

नात्यातले एक जण म्हणाले, "बीसीए म्हणजे ना धड कॉम्प्युटर, ना धड कॉमर्स." तेव्हापासून दाजींचं मन धजत नाही. मी स्वतः आयटीआय फिटर, यातलं मला कळत नाही. ज्यांनी हे शिक्षण घेतलंय किंवा ज्यांचा याच्याशी संबंध आहे त्यांनी मोकळेपणाने लिहावं.

खिडकी नंबर ३

मी कॉलेजच्या ऑफिसात प्रवेशाचं काम बघते, त्यामुळे तेवढंच सांगते.

सीईटी दिली हे फार बरं झालं. २०२४-२५ पासून बीसीए, बीबीए, बीएमएस हे सगळे कोर्स एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या कक्षेत गेले आणि राज्य सीईटी कक्षाने प्रवेश परीक्षा सुरू केली. पहिल्या वर्षी गावोगावच्या पालकांना पत्ताच नव्हता. राज्यात एक लाखाहून जास्त जागा आणि परीक्षेला बसलेली मुलं पन्नास हजारही नाहीत, अशी गत झाली. शेवटी ऑगस्टमध्ये दुसऱ्यांदा परीक्षा घ्यावी लागली. त्या उन्हाळ्यात माझ्या खिडकीवर आलेले पालक अजून आठवतात. मार्कशीट हातात, मुलगी शेजारी उभी, आणि आम्ही सांगायचं की सीईटी नाही म्हणून फॉर्म घेता येत नाही.

नावांचा गोंधळ समजून घ्या. पुणे विद्यापीठात वाणिज्य शाखेखालच्या बीसीएचं नाव बदलून बीबीए (सीए) झालं, आणि विज्ञान शाखेखाली बीसीए सायन्स वेगळं आहे. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स तिसरंच, त्याला बारावीला गणित लागतं, म्हणजे तुमच्या भाचीला ते दार बंद. शिवाजी विद्यापीठात बीसीए वाणिज्य आणि व्यवस्थापनाकडे आहे, बीसीएस निराळं. सीईटी लागू झाल्यावर काही कॉलेजांनी कोर्सचं नाव बदलून एआयसीटीईची मान्यता न घेताच तो चालू ठेवला. तो वाईटच असेल असं नाही, पण प्रॉस्पेक्टसवरचं पूर्ण नाव वाचा आणि पदवीच्या कागदावर नेमकं काय छापून येणार हे लेखी विचारा.

फीबद्दल: ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ करण्याचा निर्णय राज्याने जुलै २०२४ मध्ये काढला. तुमच्या कोर्सला आणि कॉलेजला तो कसा लागू होतो ते शिष्यवृत्तीच्या टेबलावर विचारा, आणि प्रवेश केंद्रीय फेरीतूनच घ्या. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, जूनमध्ये सेतू केंद्रावर उभं राहायला जागा नसते.

बिनतारी

मी कॉम्प्युटर इंजिनिअर आहे, चौदा वर्षं नोकरी झाली. थोडं विरुद्ध बोलतो, राग मानू नका.

आमच्या कंपनीत बीसीए झालेली मुलं येतात. हुशार असतात, कष्टाळूही असतात. पण बहुतेकांना सुरुवात सपोर्टमध्ये किंवा टेस्टिंगमध्ये मिळते आणि पगार इंजिनिअरपेक्षा कमी. तीच दरी भरायला पुढे चार-पाच वर्षं जातात. दुसरं, गणित सोडलं म्हणून ते सुटत नाही. पदवीत संख्याशास्त्र येतं, सेट, लॉजिक येतं. पहिल्या सेमिस्टरला सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत पॉइंटर हा अवघड भाग आला की कॉमर्सची मुलं वर्गात मागे मागे बसायला लागतात, हे मी माझ्या चुलत भावाच्या बाबतीत डोळ्यांनी बघितलंय.

आणि आता साधा कोड मशीनच लिहून देतं. नुसतं "मला पीएचपी (वेबसाइटची एक भाषा) येतं" यावर नोकरी मिळण्याचे दिवस संपत आले. कॉम्प्युटरच करायचं तर पाया पक्का होईल असं काही करा. आयआयटी मद्रासचा ऑनलाइन बीएस आहे, पहिली तुकडी २०२१ची. त्याला जेईई लागत नाही, बारावी कुठल्याही शाखेची चालते, त्यांची स्वतःची पात्रता फेरी आहे. पण गणित मात्र भरपूर आहे. नाहीतर सरळ बीकॉम आणि सीए किंवा सीएमए. मधला रस्ता मला धोक्याचा वाटतो.

फळा-खडू

बिनतारी, पगाराचं तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. मी बावीस वर्षं हाच कोर्स शिकवतोय, आधी बीसीए म्हणून आणि आता बीबीए (सीए) म्हणून. पहिला पगार कमी असतो हे पालकांना आधी सांगायला हवं. पण "मधला रस्ता" या शब्दाला माझी हरकत आहे.

या पदवीत दोन मोठे विचार शेजारी शेजारी शिकवले जातात. एक म्हणजे दुहेरी नोंद, प्रत्येक व्यवहार दोन बाजूंनी लिहायचा. लुका पाचोलीने १४९४ मध्ये व्हेनिसला छापलेल्या ग्रंथात ती मांडली, व्यापारी त्याआधीपासून वापरतच होते. दुसरा विचार रिलेशनल डेटाबेसचा, म्हणजे माहिती एकमेकांशी जोडलेल्या टेबलांत ठेवायची आणि एक गोष्ट एकदाच लिहायची. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये तो निबंधातून मांडला. बँक, सातबारा, किराणा दुकानाचं बिल, आज सगळीकडे माहिती टेबलांत बसते ती त्या निबंधामुळे.

दर वर्षी दुसऱ्या सेमिस्टरला कुणीतरी मुलगी हात वर करते. "सर, अकाउंटच्या मॅडम म्हणतात प्रत्येक व्यवहार दोनदा लिहा, आणि तुम्ही म्हणता एक गोष्ट एकदाच लिहा. खरं कोणाचं?" हा प्रश्न आला की मला शिकवल्याचं समाधान मिळतं. कारण इंजिनिअरिंगच्या वर्गात तो सहसा येत नाही आणि बीकॉमच्या वर्गात येऊच शकत नाही. मग मी फळ्यावर एक व्हाउचर काढतो. वर तारीख आणि क्रमांक एकदाच. खाली दोन ओळी: रोकड गेली ती उणे, माल आला तो अधिक. व्यवहार एकच, त्याला बाजू दोन. टेबलात व्हाउचर एक आणि त्याच्या ओळी अनेक, आणि नियम एवढाच की ओळींची बेरीज शून्य आली पाहिजे. शून्य आली नाही तर कॉम्प्युटरने नोंद सेव्हच होऊ द्यायची नाही. हे ज्या मुलाला त्या दिवशी उमगतं, त्याला पुढे ईआरपी, म्हणजे अख्ख्या कंपनीचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर, शिकवायला वेळ लागत नाही.

पॉइंटरची भीती खरी आहे, पण ती पहिल्या दोन महिन्यांची असते. ताळेबंद जुळेपर्यंत जेवायला न उठणारी मुलगी प्रोग्रॅममध्ये राहून गेलेला सेमिकोलन शोधतानाही उठणार नाही.

बाकी, हा ३ वर्षांत बाहेर पडता येणारा कोर्स आहे. नव्या धोरणानुसार चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. एमसीए २०२०-२१ पासून २ वर्षांचा झालाय आणि बीसीए झालेल्यांना बारावीच्या गणिताची अट आड येत नाही.

वारणाकाठ

फळा-खडू सर, हे मी दाजींना फोनवर वाचून दाखवलं. व्हाउचरचं त्यांना लगेच कळलं. म्हणाले, "सोसायटीत असंच असतंय की."

एक विचारतो. या कोर्समध्ये प्रोजेक्ट करतात म्हणे. तो नुसता मार्कांसाठी असतो की त्यातून हाताला काही लागतं?

पावत्यांची पिशवी

वारणाकाठ दादा, याचं उत्तर मीच देते, कारण माझं अख्खं करिअर त्या प्रोजेक्टवर उभं आहे.

मी कोल्हापुरात बीसीए केलं. शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट निवडायची वेळ आली तेव्हा वर्गातल्या निम्म्या पोरांनी लायब्ररी मॅनेजमेंट नाहीतर हॉस्पिटल मॅनेजमेंट घेतलं. कॉलेजच्या बाहेर एका दुकानात तयार प्रोजेक्ट मिळायचे. सीडी, छापलेला रिपोर्ट, सोनेरी अक्षरांचं बाइंडिंग, सगळं तयार, फक्त नाव बदलायचं. शिक्षकांना माहीत होतं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सरही पानं उलटून सही करायचे. मला त्याचा आजही राग येतो. तीन वर्षं शिकलेलं जिथे पहिल्यांदा वापरायचं, तीच जागा पोरांनी विकत घेऊन टाकली, आणि कुणी अडवलं नाही.

आमच्या गावच्या दूध संकलन केंद्राचे सचिव वडिलांच्या ओळखीचे. त्यांच्याकडे रोजच्या नोंदी मोठ्या रजिस्टरात व्हायच्या. मी म्हटलं, मी सॉफ्टवेअर करून देते. सकाळी साडेपाचला जाऊन बसायचे. कॅन येतो, दूध मोजलं जातं, नमुना फॅट मशीनला लागतो, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) दिसतं, त्यावरून लिटरचा दर निघतो. गाईचं दूध ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ असेल तर ठरलेला दर, वरखाली झालं की पैसे वाढतात किंवा कापले जातात. दहा दिवसांनी दुधाचा पगार. त्यातून पशुखाद्याची पोती, उचल, सगळं वजा.

मी टेबलं केली. उत्पादक, संकलन, कपात, आणि दर. दराच्या टेबलात चालू दर लिहिलेला, बिल काढताना लिटर गुणिले दर. महिनाभर छान चाललं. मग दूध संघाने दर बदलला. मी दराच्या टेबलात जुना आकडा पुसून नवा लिहिला आणि घरी आले.

दोन दिवसांनी एक आजी आल्या. मागच्या पगाराची पावती हरवली होती, दुसरी काढून द्या म्हणाल्या, नातवाच्या शाळेत उत्पन्नासाठी दाखवायची होती. सचिवांनी बटण दाबलं, पावती निघाली. आणि आजींनी कमरेच्या पिशवीतून एक कागद काढला. त्यावर त्यांनी खडूने, हो खडूनेच, मिळालेली रक्कम लिहून ठेवली होती. पावतीवरचा आकडा जास्त होता. आजी शांतपणे म्हणाल्या, "मग वरचं पैसं कुणी खाल्लं?"

केंद्रात वीस माणसं उभी. सचिवांचा चेहरा पांढरा पडला. पैसे कुणीच खाल्ले नव्हते. मी दर बदलला तेव्हा मागची सगळी बिलंही नव्या दराने बदलली होती. मी माणसांचा इतिहास पुसला होता.

त्या रात्री मला बारावीच्या बीकेच्या मॅडम आठवल्या. वहीत खाडाखोड केली की त्या पान फाडायच्या. म्हणायच्या, झालेली नोंद खोडायची नसते, चुकली तर उलट नोंद करायची. मी प्रोग्रॅम लिहिताना हे विसरले होते, कारण मला वाटत होतं तो विषय वेगळा आणि हा वेगळा. दुसऱ्या दिवशी मी दोन बदल केले. दरपत्रकात "कधीपासून लागू" हा रकाना आला, जुना दर तसाच राहायचा आणि नव्याची नवी ओळ. आणि संकलनाच्या प्रत्येक नोंदीत, त्या दिवशी लावलेला दर तिथेच लिहिला जायचा. चुकीची नोंद असेल तर डिलीट बंद, फक्त उलट नोंद.

आजींना मी स्वतः घरी जाऊन बरोबर पावती दिली. त्यांनी कागदाशी ताडून बघितली, मगच घडी घातली.

आज मी पतसंस्था आणि दूध संस्थांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीत काम करते. मशीनने कोड लिहून दिला तरी "जुन्या पावतीचं काय होईल?" हे विचारणारं माणूस लागतं. ते माणूस होण्यासाठी हीच पदवी मला उपयोगी पडली.

फळा-खडू

पावत्यांची पिशवी, तुमची पोस्ट उद्या वर्गात वाचून दाखवतो, परवानगी असावी.

विद्यार्थ्यांसाठी एक जोड. "नोंदीत दर पुन्हा लिहिला, म्हणजे एकच गोष्ट दोनदा लिहिली ना?" असं मुलं विचारतील. नाही. दरपत्रकातला दर म्हणजे संघाचा निर्णय. नोंदीतला दर म्हणजे त्या सकाळी त्या कॅनला प्रत्यक्ष लावलेला भाव. आकडा सारखा असला तरी वस्तुस्थिती दोन आहेत.

चाकणकर

कारखान्याच्या बाजूनेही सांगतो. मी पुण्यात बीसीए केलं, नंतर एमबीए, आणि आता सॅप या कंपन्यांच्या कारभाराच्या सॉफ्टवेअरमध्ये खरेदी-स्टोअरचं काम बघतो.

एका ठिकाणी लोखंडी सळईचा साठा दर महिन्याला जुळायचा नाही. सॉफ्टवेअरवाले म्हणायचे प्रोग्रॅम बरोबर, अकाउंटवाले म्हणायचे बिल बरोबर. मी स्टोअरमध्ये जाऊन उभा राहिलो. ऑर्डर किलोमध्ये, सप्लायरचं बिल किलोमध्ये, आणि स्टोअरकीपर काका माल उतरवताना नग मोजून पावती करायचे, कारण तीस वर्षं ते तसंच करत आले. एका नगाचं वजन सिस्टीममध्ये एकदा कुणीतरी भरलेलं, आणि सप्लायरने मधल्या काळात सळईची लांबी बदललेली. एवढंच. ऑर्डर, माल आल्याची पावती आणि बिल, या तीन कागदांचा मेळ बसवणं हे काम दिसायला बारीक आहे, पण सप्लायरचे पैसे त्यावर अडकलेले असतात.

आणि ३० जून २०१७ ची रात्र विसरणार नाही. १ जुलैपासून जीएसटी. एक्साइज (जुनं उत्पादन शुल्क) भरून ३० तारखेला निघालेला ट्रक २ तारखेला गेटवर आला तर त्या एक्साइजचं क्रेडिट मिळायचं, पण ३० दिवसांत वहीत नोंद झाली तरच. कायदा वाचता येतो आणि सिस्टीममध्ये टॅक्स कोडही टाकता येतो, अशी माणसं त्या आठवड्यात बोटावर मोजण्याइतकी होती. आमच्याकडची तिघं बीसीए होती.

एक इशारा: पदवीनंतर लगेच लाखभर रुपये भरून सॅपचा क्लास लावू नका. "शंभर टक्के नोकरी" म्हणून जाहिरात करणाऱ्या एका क्लासमध्ये माझ्या मित्राचे पैसे बुडाले. आधी कारखान्यात, स्टोअरमध्ये, अकाउंटला वर्ष-दीड वर्ष काम करा. प्रक्रिया अंगात मुरली की सॉफ्टवेअर शिकायला त्रास नाही. पैशाची अडचण असेल आणि पुढे शिकायचंही असेल तर विप्रोच्या डब्ल्यूआयएलपीसारखे मार्ग बघा. बीसीए-बीएस्सीच्या मुलांना नोकरी देऊन कंपनीच्या खर्चाने एमटेक करवतात.

ऱ्हाईनकाठी मराठी

दाजींना सांगा, जर्मनीत "मधला रस्ता" असं कुणी म्हणत नाही. इथे विर्टशाफ्ट्सइन्फॉर्माटिक, म्हणजे व्यवसाय आणि कॉम्प्युटर एकत्र, ही स्वतंत्र विद्याशाखा आहे, तिचे स्वतंत्र प्राध्यापक आणि संशोधन आहे. सॅप कंपनीही इथलीच. आयबीएम सोडलेल्या पाच जणांनी १९७२ मध्ये ती काढली आणि पहिलं काम एका कारखान्याच्या पगाराचं आणि हिशोबाचं केलं. कारखान्यात बसून, तिथल्याच कॉम्प्युटरवर. दूध केंद्रात साडेपाचला जाऊन बसणं ते हेच.

बिनतारी

दुधाच्या पावतीचं वाचून मी माझा मुद्दा थोडा बदलतो. आम्ही इंजिनिअरही दर पुसून नवा लिहिण्याची चूक करतो, आणि आम्हाला ती समजवायला आजी येत नाहीत. तरी गणिताबद्दल ठाम आहे. भाचीने सुट्टीत संख्याशास्त्राची ओळख करून घ्यावी, आणि इंग्रजी वाचायची सवय. लागलं तर मला विचारा, रविवारी सकाळी मोकळा असतो.

वारणाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल बहिणीकडे गेलो होतो. सगळा धागा मोठ्याने वाचला. आजींच्या प्रसंगाला बहिणीचे डोळे भरून आले. दाजी काही बोलले नाहीत, उठून गोठ्याकडे गेले, आणि परत आले ते दुधाच्या पावत्यांचा गठ्ठा घेऊन. तो त्यांनी पोरीपुढे ठेवला. कोल्हापूरला बीसीए, पहिल्या फेरीत तेच नाव वर भरायचं ठरलं. पुणे लांब पडतं आणि हॉस्टेलचा खर्च झेपणार नाही.

आता खालचं ती लिहिते आहे, माझ्याच आयडीवरून.

नमस्कार. मी भाची. पावत्यांची पिशवी ताई, मी रात्री आमच्या घरच्या मागच्या सहा पगारांच्या पावत्या बघितल्या. एका पगारात दर मधेच बदललाय, ६ तारखेला. पण ६ तारखेच्या सकाळच्या पावतीवर जुना दर आहे आणि संध्याकाळच्या पावतीवर नवा. तुम्ही दरपत्रकात "कधीपासून लागू" म्हणून तारीख ठेवली होती. मग ६ तारखेला कोणता दर धरायचा हे कॉम्प्युटरला कसं कळणार? तारखेबरोबर सकाळ की संध्याकाळ हेही लिहायला पाहिजे ना?

पावत्यांची पिशवी

पाहिजे, बाळा. आमच्या पहिल्या दरपत्रकात फक्त तारीखच होती. सचिव दर नेहमी रात्रीचं संकलन झाल्यावर बदलायचे म्हणून निभावलं. सत्राचा रकाना आम्ही दोन वर्षांनी घातला, तोही दुसऱ्या एका संस्थेत भांडण झाल्यावर.

त्या सहाही पगारांच्या पावत्या जपून ठेव. प्रवेश झाला की मला कळव, साडेपाचला केंद्रावर जायचं असेल तर मी सचिवांशी बोलते.